सोलरवाले काकाजी

काकाजींनी चहाला बोलावलं की गच्ची चढायची तयारी ठेवूनच जावं. चहा खाली, सोलर वर, आणि क्रमही वरून खालीच. रिटायरमेंटच्या पैशातून मोर्शीतल्या घरावर त्यांनी दोनशे लिटरचा सोलर बसवला त्याला सहा वर्षं झाली, पण कौतुकाची हळद अजून उतरलेली नाही.

"मोटर दिसते का तुले कुठी?"

मी नाही म्हणतो. दर वेळी तेच म्हणतो.

"मंग पानी वर कसं चढते?"

इथं गप्प राहायचं असतं.

"गरम पानी हलकं, थंड पानी जड. हलकं टाकीत वर जाते, जड नयीत खाली उतरते. दिवसभर हाच धंदा. ऊन गेलं का पानीबी बसलं."

मग नळ्यांची ओळख, जावयांची करून द्यावी तशी. नळीच्या आत नळी, मधली हवा काढून घेतलेली. आतल्या काचेवरचा काळा मुलामा ऊन गिळतो आणि मधल्या पोकळीमुळे गिळलेलं बाहेर पडत नाही; थर्मासचीच जात. बोअरच्या पाण्यात क्षार फार, तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात, म्हणून काचेच्या घेतल्या. तळाशी चंदेरी ठिपका असतो. तो पांढरा पडला की पोकळी गेली समजायचं. रोज सकाळी टॉवेल गुंडाळून काकाजी वाकून वाकून वीसही ठिपक्यांची हजेरी घेतात.

सोलरचं तोंड दक्षिणेला. मोर्शी साधारण २१ अंश अक्षांशावर. हिवाळ्यात सूर्य खाली कलतो, म्हणून नळ्यांचा उतार त्याहून दहा-पंधरा अंश जास्त. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून त्यांनी फिटरची परीक्षा घेतली. फिटर पास झाला. कोनमापक नातवाला अजून परत मिळालेला नाही.

तापलेलं पाणी वेगळ्या, वेष्टण घातलेल्या टाकीत रात्रभर गरम ठेवायची युक्ती १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं बाजारात आणली. काकाजी हे ऐकून म्हणाले, "त्याले मोर्शीचं ऊन भेटलं असतं तं!"

एका मे महिन्यात टाकी रिकामी झाली. भर दुपारी कोरड्या नळ्या दोनशे अंशांच्या घरात तापलेल्या, आणि काकाजींनी वॉल्व्ह उघडला. फट्. फट्. फट्. आळीतली माणसं दोन दिवस भेटायला येत होती. काकाजी प्रत्येकाला बजावत, "कोरड्या नयीत दुपारी पानी सोडू नये. सक्काळी सोडावं." जणू सोडलं होतं येणाऱ्यानंच.

मेमध्ये आमच्याकडे साधी प्लास्टिकची टाकीसुद्धा अशी तापते की नळाखाली हात धरवत नाही. त्या दिवसांत काकाजी कर्ण. "या ना आंघोयीले!" पण डिसेंबरात संत्र्याच्या बागांवरून गार वारं सुटलं की गच्चीवरून हाक येते, "कोनं सोडला वो नय?" नळ सुनेनं सोडलेला असतो, आणि गरम पाणी अजून आलेलंही नसतं, पाइपात अडकलेली अर्धी बादली थंडच निघते आणि तुळशीला जाते.

"मामाजी, तुमच्या सोलरनं तुळस लय मस्त वाढली," सूनबाई म्हणते.

गेल्या डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी सहाला गेलो तर परसात धूर. काकाजी मफलर बांधून पऱ्हाट्या मोडून मोडून बंबात घालत होते. मागं पाहुण्यांची, खांद्यावर टॉवेल घेतलेली रांग.

"काकाजी, सोलर बिघडला का?"

"बिघडते कायले? आत्ताच पाहून आलो ना. अठ्ठावन्न डिग्री हाय."

"मग?"

त्यांनी वर पाहिलं. आभाळ घासल्या परातीसारखं स्वच्छ.

"उद्या ढग आले तं?"