वंचक

वडाळी तलावावर पक्षी पाहायला येणारे दोन प्रकारचे. काहींना पक्षी दिसतात, काहींची दुर्बीण भारी असते. मी दुसऱ्या प्रकारातला. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नुसतं चालताना रिकामटेकडं वाटतं, म्हणून दुर्बीण गळ्यात अडकवली. आता तासभर एकाच बाकावर बसलो तरी लोक अभ्यासू समजतात.

पहिल्या महिन्यात ओळख झाली ती नावांशी. किलबिलाट करत कुंपणाखाली उकरणारे सातभाई. ते नेहमी सातच असतात असं नाही, पण भांडण मात्र एकत्र कुटुंबातलं. चोचीच्या मुळाशी तांबडा आणि टोकाला पिवळा रंग मिरवणारं बदक, म्हणून हळदीकुंकू. ज्यानं ही नावं ठेवली त्याच्या घरी नक्की लग्नकार्य असणार.

आणि एक वंचक. बगळ्याच्या कुळातला, पण मातकट पाठीचा. काठावर मान आखडून असा उभा राहतो की चिखलाचं ढेकूळच. आपण तीन हातांवर आलो की अचानक पांढरेशुभ्र पंख उघडून उडतो, आणि आपण इतका वेळ पक्ष्यालाच ढेकूळ समजत होतो हे कळतं.

अडचण आली नोव्हेंबरात. ५ तारखेला मारुती चितमपल्ली आणि १२ तारखेला सलीम अली यांचा जन्मदिवस; त्यामुळे राज्यात या दिवसांत पक्षी सप्ताह साजरा होतो. ओळखीतले सगळे याद्या दाखवू लागले. एकाच्या यादीत बासष्ट पक्षी. माझ्या यादीत एकोणीस, त्यातली एक शेजाऱ्याची कोंबडी.

त्या संध्याकाळी चिंचेच्या ढोलीबाहेर पिंगळा बसला होता. वहीत नोंद करताना मी त्याच्या नावाआधी फक्त दोन अक्षरं जोडली: रान.

ती नोंद ओळखीतल्यांना दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोफांएवढे कॅमेरे घेऊन पाच जण हजर. त्यांतल्या एका पोरानं दुर्बीण लावली आणि सौम्यपणे म्हणाला, "काका, याच्या डोक्यावर पांढरे ठिपके आहेत. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. तो मेळघाटात."

"उतरला असंल खाली," मी म्हणालो.

घरी येऊन रानपिंगळ्याबद्दल वाचलं, आणि जरा धीर आला. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता. मधल्या काळात रिचर्ड मायनर्टझागन नावाच्या इंग्रज कर्नलनं लंडनच्या संग्रहालयातून त्याचा जुना नमुना लंपास केला, त्यात नव्यानं पेंढा भरला आणि 'मांडवी, १९१४' अशी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला. पुढे शोधकर्ते त्या चिठ्ठीच्या भरवशावर गुजरातेत भटकत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली. खरी जुनी ठिकाणं धरून त्या आणि त्यांचे सोबती खानदेशात शिरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! नंतर मेळघाटातही त्याची बऱ्यापैकी वस्ती असल्याचं कळलं. म्हणजे एका खोट्या चिठ्ठीनं लोकांना किती वर्षं चुकीच्या जंगलात फिरवलं! माझी दोन अक्षरं त्या मानानं किरकोळ. निदान पाच माणसांची एक सकाळच गेली.

पण धीर फार टिकला नाही. परवा वही उघडून बाकावर बसलो होतो, तर बागेतला माळी पाण्याचा पाइप ओढत आला.

"काय पाहून रायले जी?"

"पक्षी."

"दिसला काय?"

"नाही."

"मंग लेहून काय रायले?"

मी वही मिटली. या प्रश्नाला पक्षिशास्त्रात उत्तर नाही. पाखरू दिसलं नाही तर कोरं पान ठेवायचं, एवढंच शास्त्र. पण कोरं पान ठेवायला बासष्ट लिहिण्यापेक्षा जास्त छाती लागते.

तेवढ्यात समोरच्या चिखलातून एक ढेकूळ पांढरे पंख काढून उडालं. मी वही पुन्हा उघडली. रानपिंगळ्यावर काट मारली, कोंबडीवरही मारली, आणि खाली तारीख घालून प्रामाणिकपणे नोंद केली: वडाळी तलाव, सकाळी सात. वंचक – दोन.