तिकडचे घरमालक

खाप्यात स्वतःचं घर असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. कोष्ट्यांच्या घरातले माग बंद पडले तरी घर राहिलं, गुमगावच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्यांनी तर वर मजलाही चढवला. मिरवायचं असेल तर घर 'तिकडं' पाहिजे. आमच्या इन्वेस्टरभाऊंचं घर तिकडं आहे. "मध्य प्रदेशात आपली एक प्रॉपर्टी हाये," हे ते टपरीवर अशा बेतानं म्हणतात, की ऐकणाऱ्याला थेट भोपाळचा तलाव दिसावा.

घर सौसरला आहे. खाप्याहून सावनेर, तिथून छिंदवाड्याचा रस्ता. मोटरसायकलनं निवांत गेलं तरी फार वेळ लागत नाही. तिथला किराणावाला मराठी बोलतो आणि मळ्यात संत्रीच लागलेली असतात. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत खापा आणि सौसर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. भाऊंचे आजोबा सोयरिकी जुळवायला सौसरला जात, तेव्हा परराज्यात जाऊन आल्याचा मान त्यांना कोणी दिला नाही. तो नातवाच्या वाट्याला आला.

भाऊ पतसंस्थेतून निवृत्त झाले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद उलटेपालटे करून पाहण्यात गेली. एक सही कमी असली तरी माणसाला परत पाठवत. निवृत्तीचा पैसा हातात आला आणि मोबाईलवर कोणीतरी सांगितलं, की आपण झोपलेलो असतो तेव्हाही आपला पैसा कमावत असला पाहिजे. सौसरच्या दलालानं घराचे फोटो पाठवले. जवळच बोरगावला औद्योगिक वसाहत, तिथं रेमंडचा कारखाना. म्हणजे किरायेदारांची रांगच. चौदा लाखांना सौदा झाला. घर भाऊंनी पाहिलं ते विसार देऊन आल्यावर.

माझं मत विचाराल तर घर नजरेआड असलं की फार देखणं वाटतं. खाप्यातल्याच एका घरासाठी हेच भाऊ सहा महिने भाव करत होते. भिंतीला ओल आहे, नाली समोरून जाते, शेजारी भांडकुदळ आहे, असे एकशे एक दोष त्यांनी काढले होते. सौसरच्या घराला ओल नव्हती, कारण फोटो उन्हाळ्यातले होते.

मग कागद सुरू झाले. इकडं सातबारा, तिकडं खसरा. इकडं फेरफार, तिकडं नामांतरण. "प्लॉट एनए हाये का?" असं भाऊंनी चारदा विचारलं आणि चारही वेळा "डायव्हर्शन हो गया है, भाईसाब," असं उत्तर मिळालं. पुढचा रस्ता खोदून ठेवलेला असल्यामुळे भाऊंना ते पटलंही. दोन्ही एकच, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलल्याचा कागद, हे त्यांना रजिस्ट्रीच्या दिवशी सेवा प्रदात्याच्या दुकानात कळलं.

पुढे किरायेदार मिळाला. भाऊंनी नागपूरहून 'लिव्ह अँड लायसन्स'चा पक्का मसुदा छापून नेला. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 55, करार नोंदवलाच पाहिजे, सगळं होतं. सौसरच्या नोटरीनं चष्मा कपाळावर चढवून तो शेवटपर्यंत वाचला. "बहुत बढ़िया लिखा है," तो म्हणाला, "पर ये कानून तो आपके यहाँ का है." इथं 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम. मग त्याच्याच टेबलावर अकरा महिन्यांचा किरायानामा झाला. अकराच का, तर वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. महिना साडेचार हजार ठरला.

भाऊंची एक लांबुडकी वही आहे. डाव्या पानावर 'आवक' : 4500 गुणिले 12, बरोबर 54,000. खाली दोन लाल रेघा. उजव्या पानावर वर 'खर्च' एवढंच लिहिलंय. पान कोरं का, विचारलं तर म्हणतात, "तो बारीकसारीक असते नं, तो धरत नाई मी." बारीकसारीक म्हणजे बोअरची मोटर जळाली ती, दलालाचा एक महिन्याचा किराया, मधले दोन महिने घर रिकामं होतं ते, आणि पेट्रोल. पेट्रोल देवाच्या खात्यावर टाकतात, कारण प्रत्येक फेरीत जामसावळीच्या हनुमंताचं दर्शन होतं.

पोस्टातल्या बाबूनं एकदा बोलता बोलता हिशेब केला. मासिक उत्पन्न योजनेत नवरा-बायकोच्या नावानं हेच चौदा लाख 7.4 टक्क्यांनी टाकले असते, तर महिन्याला आठ हजार सहाशेच्या वर घरबसल्या आले असते. भाऊ जरा थांबले. "पण पोस्टाले किराया मांगाले जाता येते का?" म्हणाले.

वहिनींचा हिशेब वेगळाच आहे. "आपल्या घरचं छप्पर दोन पावसाळे गळून राहिलं, अन् हे तिकडं वॉटरप्रूफिंग करून राहिले!" त्यावर भाऊ आयकर कायदा काढतात : किरायाच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते. सरकार तीस टक्के देतं म्हटल्यावर दुरुस्ती न करणं हा त्यांना देशद्रोह वाटतो. आपलं उत्पन्न कर लागण्याइतकं आहे का, हा प्रश्न त्यांनी अजून वहीत घेतलेला नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा नवा जिल्हा झाला आणि सौसर छिंदवाड्यातून त्यात गेलं. भाऊंनी टपरीवर पेढे वाटले. जिल्हा झाला म्हणजे भाव दुप्पट. जिल्ह्याचं ठिकाण सौसर नव्हे, पांढुर्णा आहे, हे कोणीतरी हळूच सांगितलं, तोवर पेढे संपले होते.

किरायेदार मात्र सज्जन आहे. भाऊ गेले की खुर्ची देतो, चहा पाजतो आणि किराया पुढच्या महिन्यावर ढकलतो. यंदा तीन महिने थकले तेव्हा भाऊ एकदम पतसंस्थेच्या आवाजात बोलले. तो ओशाळला. म्हणाला, "काय करू काका, माझंही एक घर हाये बालाघाटकडं, भरवेलीच्या खाणीजवळ. तिथला किरायेदार चार महिन्यांपासून देऊन नाई राहिला. त्यानं देल्ला की तुमचा आलाच समजा."

इथं दुसरा घरमालक संतापला असता. भाऊ खुर्ची पुढे ओढून बसले. घर केवढं आहे, खाण किती दूर, पाणी नळाचं की बोअरचं, सगळं विचारलं. शेवटी त्यानं हात जोडले : "तुमीच घेऊन टाका ना काका. थकलेला किराया त्याच्यातच वळता करू."

परत आल्यावर भाऊ टपरीवर भरवेलीचे फोटो दाखवत होते. भिंती कोरड्या ठणठणीत.

"फोटो कवाचे हाये, भाऊ?" कोणीतरी विचारलं.

"एप्रिलचे," भाऊ म्हणाले. "अन् डायव्हर्शन झालेलं हाये."