तात्पुरते वडील

दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, याचा पेन्शनरांना फार राग येतो. बँकेला निदान वर्षातून एकदाच शंका येते. घरच्या संगणकाला ती कुठल्याही सकाळी येऊ शकते, विशेषतः आदल्या रात्री त्याने स्वतःहून अपडेट करून घेतलं असेल तर.

वडील चहाचा कप बाजूला ठेवून पासवर्ड टाकतात. पासवर्ड बरोबर असतो. तरीही पडद्यावर नातवाचा फोटो नाही, ‘पेन्शन फायनल नवीन २’ ही फाइल नाही, काहीच नाही. कोरा निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात कचऱ्याची टोपली आणि उजव्या कोपऱ्यात सूचना की तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलवर आत घेतलेलं आहे. सगळी नोकरी कायमस्वरूपी केलेला माणूस स्वतःच्या हॉलमध्ये हंगामी होतो. या हंगामी अवस्थेत जे काही सेव्ह कराल, ते साइन आउट करताच पुसलं जातं. सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध सकाळभर खपून टाइप केलेला तक्रार अर्ज असा गेला, की सेक्रेटरी तेवढे सुटतात.

मग मुलाला फोन. अमेरिकेतल्या बँकेचे सर्व्हर रात्रभर जागून सांभाळणारा मुलगा.

“बाबा, रीस्टार्ट केलंत का?”

“केलं.”

“परत करा.”

यावर हसू नये. कधी कधी खरोखरच तेवढ्याने भागतं. प्रोफाइलची फाइल अँटिव्हायरसने अडवून धरलेली असते आणि दुसऱ्या खेपेला तो ती सोडून देतो. नाही भागलं, तर मुलाला मीटिंग असते.

खरी गोम अशी आहे, की विंडोजला वडील माहीतच नसतात. तिला नंबर माहीत असतो. प्रत्येक खात्याला ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक मिळतो. मूळच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा शेवट ५०० ने होतो, घरच्या माणसांचे नंबर १००० पासून पुढे. म्हणजे रांगेत आपण तिथेही मागेच. कोणत्या नंबरवाल्याचं सामान कुठे ठेवलंय, याची नोंद रजिस्ट्रीत ‘प्रोफाइललिस्ट’ नावाच्या जागी असते. ती बिघडली की एकाच नंबरच्या दोन नोंदी दिसतात, त्यातल्या एकीला ‘डॉट बॅक’ असं शेपूट. सामान बहुतेक वेळा जागच्या जागी असतं, सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये. मुंजीचे फोटो, गॅसची बिलं, सगळं. पण ते शोधायचं तर फोल्डरचं नाव ओळखता आलं पाहिजे, आणि ईमेलने उघडलेल्या खात्याच्या फोल्डरला विंडोज ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरंच देते. आयुष्यभर कुलकर्णी म्हणून वावरलेला माणूस तिथे नुसता ‘कुलका’ असतो.

जाणकार आधी या फोल्डरची प्रत काढून घेतो, मगच दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून नोंदी दुरुस्त करतो, किंवा सरळ नवं खातं उघडून सामान तिकडे हलवतो. पण घरात जाणकार येत नाही, भाचा येतो. भाचा खुर्ची ओढतो, एकदा एफ-५ दाबतो आणि निदान करतो, “मामा, फॉरमॅट मारावा लागेल.” फार आग्रह केला तर तो खातं उडवून त्याच नावाचं नवं खातं काढून देतो. ‘खातं आणि डेटा दोन्ही काढून टाकू का’ असं यंत्र स्पष्ट विचारतं; तोही स्पष्ट ‘हो’ म्हणतो. नाव तेच, माणूस तोच, नंबर मात्र नवा. दुसऱ्या ड्राइव्हवर जुन्या नंबराच्या हक्काचं काही उरलं असेल, तर ते उघडायला गेल्यावर वडिलांना परवानगी नसल्याचं कळतं.

“मी कशालाच हात लावला नव्हता,” हे वडिलांचं वाक्य घरात कुणी मनावर घेत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर लोकांची कागदपत्रं आणि फोटो उडाल्याच्या तक्रारी आल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. म्हणजे जगभरच्या काही वडिलांचं म्हणणं तरी खरं होतं.

आता तर विंडोज ११ च्या नव्या यंत्रांत डिस्कला अनेकदा आपोआप कुलूप लागतं. किल्ली ४८ आकडी. ती ठेवलेली असते ऑनलाइन खात्यात. खात्याचा पासवर्ड आठवत नाही, आणि ओटीपी जातो त्या मोबाइल नंबरवर, जो रिचार्ज महागल्यावर बंद केला. ओळख पटवायची सगळी माहितीच बदला म्हणावं, तर ३० दिवस थांबायला सांगतात. बँकेतला तो दाखला तरी चहा गार व्हायच्या आत होतो. इथे शाखाधिकारी नाही, ओळखीचा शिपाई नाही, वशिला तर नाहीच. आकडे हरवले, तर कंपनीलाही ते काढून देता येत नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी मुलगा घरी आलाच, तर त्याच्याकडून एवढी कामं करून घ्या. संगणकावर दुसरं अ‍ॅडमिन खातं काढायला लावा, ते ४८ आकडे कागदावर उतरवून कागद एलआयसीच्या फायलीत लावा आणि फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. सगळं जेवणाआधी. जेवणानंतर तो झोपतो.