वीस केबीचा नागरिक

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि सोळाही ठिकाणी तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर नागरिकांना बारीक करून देणारा एक माणूस बसलेला असतो. जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोरांना वर्षभरात जे साधत नाही, ते हा दहा-वीस रुपयांत चुटकीसरशी करतो. पाटीवर ‘झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सर्व ऑनलाइन फॉर्म’ असे असते, पण खरा धंदा एकच: माणूस केबीत बसवणे.

‘आपले सरकार’ पोर्टलची मोजमापे मुळातूनच वाचावीत. फोटोची रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२, वजन ५ ते २० केबी. दोनशे तेरावा पिक्सेल शासनाच्या डोळ्यांत का खुपतो, हे शासनच जाणे. इकडे शेतकऱ्याच्या पोराने हप्त्यावर घेतलेला मोबाइल ५० मेगापिक्सेलचा, म्हणजे पाच कोटी ठिपक्यांचा. शासनाला त्यातले फार तर चौतीस हजार चालतात. दर पंधराशे ठिपक्यांमागे जेमतेम एक पात्र. बाकीचे कर्जमाफीच्या यादीतल्या नावांसारखे गळतात.

बरे, बारीक झाला की सुटला, असेही नाही. फोटोला वीसची कमाल, तर कागदपत्राला पंचाहत्तरची किमान. जूनमध्ये, दाखल्यांच्या गर्दीत, एका काकांचे रेशनकार्ड पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले. व्हॉट्सअ‍ॅपने कोणाला न विचारता ते दाबले. भरले ५८ केबी. पोर्टलने परत फेकले.

“कमी पडते काका, वाढवा लागते.”

“आत्ताच तं मोठा हाय म्हने ना तू!”

“तो फोटू होता. हा कागद हाय.”

“म्हंजे मानसाले उपाशी ठेवाचं अन् कागदाले चारून जाडा कराचा?”

दुकानातल्या भाऊंनी क्वालिटीचा काटा शंभरावर नेऊन तीच फाइल पुन्हा सेव्ह केली. अक्षर होते तेवढेच पुसट राहिले, फाइल मात्र टम्म फुगली. नवी माहिती शून्य आणि वजन दुप्पट! शासकीय अहवालांशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटू नये.

जेपेग नावाचे जे तंत्र या खटाटोपामागे आहे, त्याचे प्रमाण १९९२ सालचे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला जाणवणार नाही एवढा तपशील टाकून द्यायचा. मंत्रालयाला हे त्याआधीच अवगत होते; फक्त डोळा मुंबईचा आणि तपशील यवतमाळचा.

सरकारी बँकांच्या भरतीत आयबीपीएसने सहीला १० ते २० केबी दिलेत आणि डाव्या अंगठ्याला २० ते ५०. पदवीधर उमेदवाराच्या सहीपेक्षा अंगठा वजनदार. अर्थ ज्याने त्याने लावावा.

वास्तविक फोटो कापून-दाबून मापात बसवणे हे संगणकाचे अगदी किरकोळ काम. व्हॉट्सअ‍ॅप ते न सांगता करते. पोर्टललाही ते शिकवता येईल: कसाही फोटो टाका, आम्ही बसवून घेतो. पण मग वणी-पुसदपासून पांढरकवड्यापर्यंतचे हे भाऊ जातील कुठे? उद्योग आणू आणू म्हणताना शासनाने एवढा एक उद्योग तरी जिल्ह्यात आणला, तोही अनवधानाने.

शिवाय भाऊंना संध्याकाळी दुसरे काम असते. सकाळी जनतेला आवळायचे, संध्याकाळी साहेबांना ताणायचे. वाढदिवसाचा फ्लेक्स, दत्त चौकात लावायचा, वीस फुटी. तिथे किमान-कमाल काही नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला साहेबांचा चेहरा ताणला की ‘फाटतो’. गालावर चौकोन उमटतात, मिशीच्या पायऱ्या होतात. मग भाऊ फोन लावतात:

“साहेबांचा फोटू फाटून राह्यला हो. ओरिजिनल पाठवा.”

स्वीय सहायक तत्पर. त्याने लगेच पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवरच.