उन्हाळ्याचा बंदोबस्त

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, ही गोष्ट इतिहासकारांना मान्य असली तरी दांडिया बाजारातील आमच्या घरास ती अद्याप मान्य नाही. कारण चैत्र उजाडला की तेथे आत्याबाईंचा अंमल सुरू होतो आणि मृगापर्यंत त्यांच्या हुकुमावाचून खिडकीची कडीदेखील हलत नाही. वैशाखात पारा ४२ अंशांना शिवतो, सुरसागराचा काठ दुपारी निर्मनुष्य होतो, आणि घर थंड राखण्याचे दोनच मार्ग गृहस्थापुढे उरतात: एक द्रव्याचा, दुसरा शिस्तीचा. पैकी पहिल्यास आमच्या घराण्यात कधीच आश्रय न मिळाल्यामुळे दुसऱ्याची जोपासना अंमळ जास्तच झाली.

द्रव्याचा मार्ग थोरांनी चोखाळला. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात उंच छते, प्रशस्त सज्जे आणि चौकांतून कारंजी असूनही श्रीमंत सयाजीराव महाराजांचे कित्येक उन्हाळे युरोपात गेले. प्रकृतीचे कारण होते, हे मी जाणतो. परंतु आत्याबाईंचे मत असे की, राजवाड्याच्या आवारातच १४०५ सालची नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असताना, आगबोटीचे भाडे भरण्याऐवजी तिच्या चार पायऱ्या उतरून बसले असते, तरी खजिन्याची बचत होऊन प्रकृतीही सुधारली असती.

त्यांच्या राजनीतीचे आद्य सूत्र हे की, शत्रू घरात शिरल्यावर त्याच्याशी लढण्यापेक्षा त्याला वेशीवर अडवावा. म्हणून सकाळी नऊच्या ठोक्याला सर्व खिडक्या बंद होतात आणि पश्चिमेकडे वाळ्याचे पडदे सोडले जातात, तेही बाहेरून. कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला टेकले तरी अखेर आमच्याच घरात टेकते. आजव्याचा तलाव बांधून महाराजांनी ज्या पाण्याची शहराला सोय करून दिली, ते पाणी तांब्यातांब्याने पडद्यांवर शिंपडण्याची पाळी लहानथोरांना चुकत नाही. लिटरभर पाण्याची वाफ होताना ते आसपासच्या हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वसूल करते, आणि आत्याबाई ही वसुली संस्थानच्या वहिवाटदाराच्या तडफेने करवून घेतात. हयगय करणाऱ्याचे पन्हे जप्त होते.

गच्चीला दरसाल चुन्याचे दोन हात देण्याचाही शिरस्ता आहे. कारण दिवसभर तापलेला स्लॅब आपली सारी थकबाकी रात्री निजलेल्या माणसाच्या अंगावर आणून चुकती करतो, आणि पांढरा चुना मात्र ते कर्ज मुळातच नाकारून उन्हाला आल्या वाटेने परत पाठवतो. अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम काढली, हे वर्तमान मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले, तेव्हा आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "आता सुचलं होय त्यांना!"

अशा रीतीने आमचा गारवा जवळजवळ फुकट पडतो, असे हिशेबाची वही सांगते. परंतु त्याची खरी किंमत त्या वहीत नोंदली जात नाही, कारण ती स्वातंत्र्याच्या नाण्यात चुकवावी लागते. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना आढळल्यास चौकशी बसते. पंखा माणसाचा घाम वाळवतो, खोली निववीत नाही, उलट त्याचे यंत्र स्वतःची उष्णता तीत सोडते, हे कलम प्रत्येकाला मुखोद्गत असावे लागते. दुपारी चहाचे आधण ठेवणे हा राजद्रोह होय. उंबरठ्यावर निरोप घेत रेंगाळणाऱ्या पाहुण्याला दोन्ही बाजूंपैकी एक तत्काळ पत्करावी लागते. शेजाऱ्यांनी एसी बसविला आहे. ते भर दुपारी भजी तळतात, दारे मन मानेल तशी उघडतात, आणि विजेचे बिल आले म्हणजे दर दोन महिन्यांनी एक दिवस दुःखी होतात. आमचे दुःख मात्र दैनंदिन हप्त्यांत विभागलेले असते.

जूनच्या आरंभी वारा नैर्ऋत्येकडून दमट होऊन येऊ लागला, म्हणजे हवेतच पाणी भरल्याने पडद्यावरचे पाणी वाफ व्हायला राजी होत नाही, वसुली तुंबते, आणि वाळ्याचा केवळ सुवास मागे उरतो. हे शास्त्र मी गेल्या साली अदबीने आत्याबाईंच्या कानी घातले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेऊन पडदे उतरविण्याचा आणि सर्व खिडक्या सताड उघडण्याचा हुकूम सोडला. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून येऊन मुसळधार पाऊस कोसळला आणि पारा झरझर उतरला.

"पाहिलंस?" आत्याबाई म्हणाल्या, "खिडक्या वेळेवर उघडायला लावल्या म्हणून!"

बडोद्यातील त्या सालच्या पर्जन्याचे कारण आमच्या घरच्या दफ्तरी तेवढेच नमूद आहे.