टॅली नाना

न्हावा शेव्याला बंदर सुरू झालं १९८९ साली आणि नाना तिथे टॅली क्लार्क म्हणून चिकटले. कंटेनर किती आले, किती गेले, सील शाबूत की तुटलेलं, हे वहीत मांडायचं. निवृत्त झाले, वही मात्र सुटली नाही. लग्नात किती पानं उठली हे यजमानाच्या आधी नाना सांगतात, आणि यजमानाचा आकडा चुकीचा असतो.

नानांचं घर जमिनीच्या मोबदल्यातलं, वर सिमेंटचे बावीस पत्रे. मुलाने पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरवलं आणि त्याच सुमारास नानांना कुणीतरी सांगितलं की या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. झालं! शेकडा आठ-दहा भाग तंतू, बाकी सिमेंट. ही गोष्ट आयुष्यभर कंटेनर मोजलेल्या माणसाइतकी नेमकी कुणालाच समजली नसती. "सील शाबूत तवर माल गप बसतो," नाना म्हणाले. "कापला, भोक पाडलं, फोडला, की सील तुटला. धूल छातीत. आनि डिलिव्हरी तीस वर्षांनी!"

मग नानांनी अभ्यासच मांडला. आपल्या देशात हे खाणीतून काढणं बंद, पण रशिया-कझाकस्तानातून आणून त्याचे पत्रे करणं चालू, हे कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात. (काकी म्हणतात, एक वेळ.) 'क्लेमान्सो' ही जुनी युद्धनौका ॲस्बेस्टॉससकट अलंगला भंगारात निघाली होती, ती २००६ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी वाटेतूनच माघारी बोलावली. नानांना हे फार लागलं. "शिराकनं बोट परत नेली. मी पत्रे कुठं परत नेऊ?"

कामाच्या दिवशी नानांनी मिस्त्रीच्या हातातला ग्राइंडर काढून घेतला. हुक-बोल्ट पान्याने सोडवायचे, पत्रा अख्खा उतरवायचा, आणि त्याआधी पाण्याने भिजवायचा. नळाला पाणी एक दिवसाआड. काकी ओट्यावरून गरजल्या, "प्यायला पानी नाय, न् पत्र्याला आंघोल घालतंय म्हातारा!" नाना करोनातला मास्क लावून उभे होते. दर अर्ध्या तासाने मास्क हनुवटीवर ओढून एक बिडी. ॲस्बेस्टॉसच्या धुळीत बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, हे मुलाने ऐकवलं. नानांनी त्याला कामात लुडबुड न करण्याविषयी चार शब्द सुनावले.

बावीस पत्रे उतरले. एकही फुटला नाही, हे मान्य करायला हवं. मी गावात हे काम असं नीट झालेलं दुसरं पाहिलेलं नाही. इतर ठिकाणी हातोडा घालतात आणि तुकडे खड्ड्यात भरतात.

पण उतरवलेल्या पत्र्यांचं करायचं काय? उरणात भंगारवाला लोखंड नेतो, दोर नेतो, फुटक्या बादल्या नेतो. सिमेंटच्या पत्र्याला हात लावत नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची सोय आहे, पण तिथे कारखान्यांचा माल ट्रकने जातो. नानांच्या बावीस पत्र्यांसाठी टेम्पो काढायला कुणी तयार होईना. शेवटी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरामागे रचले गेले. प्रत्येकावर खडूने आकडा, आणि संध्याकाळी दिवेलागणीला मोजणी.

गेल्या महिन्यात मोजणी वीसवर आली. नानांनी तीनदा मोजलं. सतरा आणि अठरा गायब होते. दोन्ही सापडले शेजारच्या अंगणात, कोंबड्यांच्या नव्या खुराड्यावर. सतराला मधोमध तीन खिळ्यांची भोकं.

शेजारी दारात बसून सुकट निवडत होता. "नाना, तुमाला नकोच होते नं?" एवढंच म्हणाला.

आता रोज सकाळी नाना मास्क लावून त्या खुराड्याशी उभे असतात. कोंबड्या सात आहेत.