होतोच आहे खर्च, तर…

कात्रपला कोणी हौसेने राहायला येत नाही, हिशेबाने येतो. परळ-गिरगावातली खोली विकली, भावाभावांत पैसे वाटले गेले आणि वाट्याला आलेली रक्कम खिशात घालून माणूस मध्य रेल्वेच्या गाडीत बसला. ठाण्याला भाव विचारला आणि गप्प बसला. डोंबिवलीला उठून दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. अंबरनाथला सगळं जमत आलं होतं, पण बायकोला स्वयंपाकघर अंधारं वाटलं. शेवटी सीएसएमटीपासून सुमारे 68 किलोमीटरवर, बदलापूरला, जिथे पैसे संपले तिथे तो उतरला आणि पूर्वेला कात्रपला राहिला. 2001च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, ते असंच. तेव्हा ऐपतीत राहावं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्याचे हप्ते आम्ही रोज पहाटे फलाटावर उभे राहून फेडतो.

किरकोळ खर्चात तर आमचा हात कुणी धरणार नाही. बदलापूरच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून विकणाऱ्या मावशी भावही मानाने सांगतात. तरी वाट्यावर चार जांभळं जास्त टाकून घेतल्याशिवाय आम्ही हलत नाही. स्टेशनवरून कात्रपपर्यंत रिक्षा शेअरचीच, आणि ती भरेपर्यंत थांबण्याची आमची तयारी असते. पण रक्कम लाखात गेली की याच जिभेला काय होतं कळत नाही. कोथिंबिरीच्या पाच रुपयांवर हुज्जत घालणारा माणूस फरशीवाल्याला म्हणतो, "बरं, वीस हजार वर लागतील ना? ठीक आहे."

आमच्या सोसायटीचंही तसंच. वर्षानुवर्षं आमची एकच शेखी होती: "आमच्याकडे मेंटेनन्स अगदी कमी." पाहुण्यांना चहाबरोबर हे वाक्य मिळायचं. शेजारच्या इमारती दुप्पट घेतात आणि आम्ही काटकसरीने भागवतो, असं वाटायचं. सोसायटीच्या उपविधींत लिहिलेलं असतं की दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का जमा करावा. म्हणजे समजा बांधकाम खर्च सहा लाख धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला सहा हजार, महिन्याला पाचशे. वीस वर्षांत, व्याज सोडून, एका घराचे एक लाख वीस हजार. हे गणित आमच्यापैकी कुणी केलं नाही. उपविधींचं पुस्तक सेक्रेटरींच्या कपाटात सुरक्षित होतं.

बदलापूरच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. 2005ला आणि 2019ला उल्हास नदी काठ सोडून वर आली, तेव्हा पश्चिमेच्या सखल वस्त्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. आम्ही पूर्वेचे, नदीपासून लांब. आमच्याकडे पाणी वरून येतं. आधी छताच्या कोपऱ्यात चहाच्या डागाएवढा गोल उमटतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला नकाशाचा आकार येतो. मग रंग फुगतो, पोपडा सुटतो आणि आतली गंजलेली सळई दिसू लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरात एका सकाळी तो पोपडा थेट पोह्यांच्या कढईत पडला. वहिनींनी कढई तशीच उचलून सेक्रेटरींच्या दारात नेली. इतकी वर्षं अर्जांनी जे झालं नाही ते त्या पोह्यांनी केलं: विशेष सर्वसाधारण सभा लागली.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने 1957च्या आपल्या पुस्तकात एका समितीची गंमत सांगितली आहे. कोटी पौंडांची अणुभट्टी त्या समितीत अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास काथ्याकूट चालतो. कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. पार्किन्सनसाहेब कात्रपला आले नसावेत, पण सभा आमचीच होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, सळयांना रसायन, परांची असा लाखांचा अंदाज कंत्राटदाराने वाचून दाखवला आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग सभेच्या चहाचं बिल निघालं. त्यावर जे रण माजलं त्यात दोन जण सभात्याग करून गेले. गच्ची मात्र बिनविरोध, आणि निधीत पैसे नसल्याने घरटी वर्गणीही.

खरं संकट त्यानंतर आलं. "होतोच आहे खर्च, तर…" या वाक्याने ते सुरू होतं. परांची बांधणारच आहेत, तर रंगही चांगल्यातलाच घेऊ. रंग चांगला, तर खिडक्या जुन्या कशा शोभतील? खिडक्या काढायच्याच आहेत, तर ग्रिल बाहेर काढून घेऊ. घरोघरी हे सुरू झालं. वर्गणी इमारतीच्या छताची होती आणि घराघरांत ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर ठरत होतं. आमच्याकडेही रविवारी ओट्याचा ग्रॅनाइट निवडायला जायचं ठरलं. गळत होतं छत, आणि आम्ही दगड बघत होतो.

अशा वेळी फोनही मदतीला धावतो. "अभिनंदन! तुमच्यासाठी पाच लाख मंजूर." न मागता कर्ज मंजूर करणारी ही माणसं आपल्या नातेवाइकांत असायला हवी होती. मासिक हप्ता असा सांगतात की वाटावं, एवढे तर भाजीला जातात. पण हप्त्याचं एक नाटक आम्ही पाहिलेलं आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि त्यामागोमाग गृहकर्जाचं व्याजही वाढलं. आमच्या इमारतीतले काही जण खुशीत होते, कारण त्यांच्या गृहकर्जाचा हप्ता जागचा हलला नव्हता. नंतर विवरणपत्र काढून पाहिलं तेव्हा कळलं की हप्ता तोच आहे, वर्षं वाढली आहेत. एका काकांचं कर्ज त्यांच्या निवृत्तीला ओलांडून पुढे गेलं होतं. ऑगस्ट 2023मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. काकांना विचारलं गेलं. ते म्हणाले, "दोन्ही नको." तो पर्याय यादीत नव्हता.

आमच्या घरी हा प्रश्न बायकोने सोडवला. तिने वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. डावीकडे "गळतं", उजवीकडे "आवडतं". ग्रॅनाइट उजवीकडे गेला, खिडक्या उजवीकडे गेल्या, मी सुचवलेला हॉलचा निळसर रंगही गेला. डावीकडे वर्गणी आणि न्हाणीघराचा एक सांधा एवढंच उरलं. मी म्हटलं, "अगं, पण परांची आहेच तर…" ती म्हणाली, "परांची इमारतीला लागतेय. आपल्याला कशाला लागते?" यावर मला उत्तर सुचलं नाही. पैसे भिशीतून आले आणि थोडे मुदत ठेवीतून. ठेव मोडताना व्याजाचा थोडा फटका बसला, पण फोनवरच्या अभिनंदनापेक्षा तो परवडला.

इमारतीनेही पुढे तेच केलं, जरा भांडून. आधी गच्ची आणि सळया, पाऊस यायच्या आत. बाहेरचा रंग पुढच्या वर्षी, पैसे जमतील तेव्हा. त्यामुळे आमची इमारत सध्या राखाडी प्लास्टरच्या ठिगळांनी उभी आहे आणि रिक्षावाले "ती अर्धवट राहिलेली बिल्डिंग ना?" असं विचारतात. विचारू देत. वहिनींच्या कढईत आता फक्त पोहे असतात.

आणि एक. मेंटेनन्स वाढला आहे. दुरुस्ती निधीचे पैसे आता दर महिन्याला वेगळे घेतले जातात, आणि पाहुण्यांसमोर सांगायचं ते वाक्य आम्ही बंद केलं आहे. तुमच्या सोसायटीची सभा जवळ आली असेल, तर चहाच्या बिलावर तुटून पडण्याआधी एकदा उठून विचारा: दुरुस्ती निधीत आज किती रुपये आहेत?